फुलांखालचे टेकू

जपानच्या साकुराविषयी मराठीत काही लिहावयाचे झाले की ‘क्षणभंगुरता’ हे नाम लेखणीच्या टोकाशी आपसूक येऊन उभे राहते, आणि मग आठवडाभर फुलून वाऱ्याच्या एका झुळकेसरशी गळून जाणाऱ्या पाकळ्यांच्या निमित्ताने मानवी आयुष्याच्या अनित्यतेवर चार सुभाषितवजा वाक्ये लिहून लेखक मोकळा होतो. हा दोष केवळ आपल्याच लेखकांचा आहे असे नाही. जपानी साहित्याने हजार वर्षे हाच सूर आळवला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर तेथील लष्करी राजवटीने त्या सुराचा असा काही उपयोग करून घेतला की, सम्राटासाठी ऐन तारुण्यात मरणे म्हणजे साकुराच्या पाकळीप्रमाणे शोभिवंत रीतीने गळून पडणे होय, ही शिकवण शाळकरी मुलांच्याही अंगवळणी पडली. १९४५ साली ज्या स्फोटकभरल्या विमानांत बसवून कोवळ्या पोरांना शत्रूच्या जहाजांवर सोडण्यात आले, त्यांतील एका विमानाला साकुरापुष्पाचेच नाव दिलेले होते आणि त्याच्या अंगावर ते फूल रंगवलेलेही असे. एका निरुपद्रवी फुलावर माणसाने लादलेला हा अर्थ किती टिकाऊ आहे हे ज्याला तपासून पाहावयाचे असेल, त्याने तोक्योच्या उद्यानांत न रमता एखाद्या आडवळणाच्या खोऱ्यात जाऊन खरोखरच जुना असा एखादा वृक्ष पाहावा, आणि पाहताना नजर फुलांवरून थोडी खाली आणावी, असे माझे मत आहे.

तोक्यो-ओसाकाच्या उद्यानांत, कालव्यांच्या काठांनी आणि शाळांच्या आवारांत साकुराची म्हणून जी झाडे आपण पाहतो, त्यांपैकी बहुसंख्य ‘सोमेई-योशिनो’ या एकाच वाणाची असतात. एदो राजवटीच्या अखेरच्या काळात, आज तोक्यो शहरात सामावून गेलेल्या सोमेई गावच्या माळ्यांनी हा वाण बाजारात आणला. त्याचे बी पेरून तसेच झाड हाती लागत नाही, म्हणून कलम बांधूनच त्याची वाढ करावी लागते, आणि त्यामुळे देशभर पसरलेली ही लक्षावधी झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड आहेत असे म्हटले तरी चालेल. एका हवेत ती एकदमच फुलतात आणि एकदमच झडतात याचे कारण हे. सरकारी कारभाराला हा एकजिनसीपणा फार सोयीचा पडला. हवामान खात्याने गावोगाव नमुन्याची झाडे मुक्रर करून ठेवली असून तोक्योचे झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. खात्याचा माणूस त्याच्यासमोर उभा राहून फुले मोजतो, आणि पाच-सहा उमललेली दिसली म्हणजे राजधानीत साकुरा फुलल्याचे रीतसर जाहीर होते. वसंताच्या आगमनाची अशी दप्तरी नोंद करणारे राष्ट्र मला मनापासून आवडते, हे कबूल केलेच पाहिजे. पण या वाणाची झाडे साठ-सत्तर वर्षांत थकू लागतात, आणि त्यांचा तो प्रसिद्ध एकसमयावच्छेदेकरून होणारा पुष्पपात तर माळ्याच्या चाकूने साधलेला आहे. म्हणजे आपण ज्याला निसर्गाची क्षणभंगुरता समजून उसासे टाकतो, तिचा बराचसा भाग रोपवाटिकेत तयार झालेला असतो.

डोंगराळ मुलखातील जुनी झाडे निराळ्या कुळीची. त्यांतील बहुतेक ‘एदोहिगान’ या रानजातीची असून साकुराच्या जातींत दीर्घायुषी म्हणून हिचा लौकिक आहे. ही झाडे शोभेसाठी लावलेली क्वचितच असत. कोठे देवळाच्या आवारात, कोठे थडग्यांच्या कडेला, कोठे भाताच्या खाचरांवरच्या उंचवट्यावर ती उभी असत, आणि अमुक झाड फुलले की भाताचे बी टाकावयाचे असा शेतकऱ्यांचा परिपाठ असे. पंचांगाहून त्या झाडावर त्यांचा भरवसा अधिक. अशा झाडांकडे सरकारची नजर वळली ती तोक्यो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मियोशी मानाबु यांच्या खटपटीने. जर्मनीत शिकून आलेल्या या गृहस्थांनी ‘नैसर्गिक स्मारक’ ही कल्पना स्वदेशी आणली, १९१९ साली तसा कायदा झाला, आणि १९२२ च्या ऑक्टोबरात तीन वृक्षांना एकाच वेळी हा दर्जा मिळाला: फुकुशिमातील मिहारूची ताकिझाकुरा, यामानाशीतील जिंदाईझाकुरा आणि गिफू प्रांतातील नेओ खोऱ्याची उसुझुमीझाकुरा. जपानातील तीन थोर साकुरा म्हणून ओळखली जाणारी ती हीच. तिन्ही खेड्यांतली आहेत, आणि तिघींचेही वय हजार वर्षांहून अधिक सांगतात.

यांपैकी नेओच्या वृक्षाकडे जाण्याचा मार्गच मोठा बोलका आहे. ओगाकी या गावी मुख्य लोहमार्ग सोडून तारुमीच्या छोट्या डिझेलगाडीत बसले म्हणजे साधारण तासाभराचा प्रवास. आरंभी सपाट शेते, मग सिमेंटच्या कारखान्यासाठी पोखरलेले डोंगर, आणि त्यानंतर खोरे अरुंद होत जाऊन गाडी नेओ नदी वारंवार ओलांडू लागते. तारुमी हे शेवटचे स्थानक. त्याच्या अलीकडचे स्थानक मिदोरी, आणि तेथे उतरून दोन घटका घालवणे मी तरी आवश्यक समजतो. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी जपानच्या या भागात जो प्रलयंकर भूकंप झाला, ज्यात सात हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात मिदोरीची जमीन दुभंगून तिचा एक भाग दुसऱ्यापासून सुमारे ६ मीटर वर उचलला गेला. शेताच्या मधोमध उभी राहिलेली ती कड आजही दिसते. तिच्यावर इमारत उभारून आतला छेद लोकांना पाहण्यासाठी उघडा ठेवला आहे. कोतो बुंजिरो या भूशास्त्रज्ञाने ही भेग पाहून असे प्रतिपादन केले की, जमीन फाटणे हा भूकंपाचा परिणाम नसून तेच त्याचे कारण होय, आणि आधुनिक भूकंपशास्त्रात या म्हणण्याला मोठे स्थान मिळाले. अशा या खोऱ्यात, त्या कडेपासून अवघ्या एका स्थानकाच्या अंतरावर, साकुरेचे एक म्हातारे झाड भूकंपालाही न जुमानता उभे राहिले आहे. क्षणभंगुरतेचा सिद्धान्त घेऊन येणाऱ्या प्रवाशाची पंचाईत येथूनच सुरू होते.

स्थानकावरून चालत गेले की एका उंचवट्यावरील उद्यानात झाड दृष्टीस पडते. उंची सुमारे १६ मीटर, बुंध्याचा घेर जवळजवळ १० मीटर, आणि फांद्यांचा विस्तार उंचीहून पुष्कळच मोठा, पंचवीस मीटरांच्या पलीकडे जाणारा. एप्रिलच्या पूर्वार्धात, पाने फुटण्यापूर्वीच, ते फुलते. कळी फिकट गुलाबी, पूर्ण उमललेले फूल पांढरे, आणि गळण्याच्या सुमारास पाकळ्यांवर शाई पाण्यात विरघळून जावी तशी पुसट करडी छटा चढते, जिच्यावरून झाडाला नाव मिळाले आहे. लांबून पाहणाऱ्याला हा रंगबदल दिसतो. पण कुंपणाच्या बाहेर झुकलेली एखादी डहाळी डोळ्यांजवळ आली तर ध्यानात येते की फूल अगदी लहान, आपल्या रुपयाच्या नाण्याएवढे, पाकळ्या पाच, आणि त्यांच्या खालची पुष्पकोशाची नळी तळाशी लोट्यासारखी फुगीर असून तिच्यावर बारीक लव आहे. एदोहिगान ओळखण्याची ही खूण. शहरातल्या साकुरेच्या सालीवर आडव्या रेघा असतात, तर हिची साल उभी तडकलेली; बुंध्यावर गाठी, वळ, पोकळ्या, जुन्या जखमांच्या कडा गुंडाळून आत वळलेले काठ. वरची फुले काढून टाकली तर हा बुंधा एखाद्या खडकाचा भाग म्हणून सहज खपून जाईल.

आणि त्याखाली टेकू. छायाचित्रकार ज्यांना चौकटीबाहेर ठेवण्यासाठी नाना खटाटोप करतात, ते लाकडी खांब या वृक्षाच्या प्रत्येक मोठ्या फांदीखाली उभे, तिरपे, कोठे जोडीने बसवलेले आहेत. जपानी माळ्यांची यातील कसबाची रीत पाहण्याजोगी आहे: फांदी जेथे खांबावर विसावते तेथे साल घासली जाऊ नये म्हणून मध्ये जपानी देवदाराच्या सालीचे वा ताडवर्गीय धाग्यांचे वेष्टन घालावयाचे, बांधणी अशी करावयाची की वाऱ्यात फांदी थोडी हलावी पण निसटू नये, आणि फांदी जाड होत गेली की बांध काचण्यापूर्वी सोडून पुन्हा बांधावयाचा. म्हणजे टेकू एकदा लावला आणि विसरला असे चालत नाही; त्याचीही वहिवाट ठेवावी लागते. साकुरेच्या लाकडाला जखम झाली की ते लवकर कुजते, म्हणून तिची फांदी छाटणारा मूर्ख, अशा अर्थाची एक म्हण जपानी लोकांत आहे. तेव्हा जड झालेली फांदी तोडून भार हलका करण्याचा सोपा मार्ग बंद. ती उचलून धरणे एवढेच उरते. हिवाळ्यात या खोऱ्यात बर्फ भरपूर पडते आणि ते सारे ओझे या आडव्या पसरलेल्या फांद्यांवर येऊन बसते. या खांबांकडे पाहिल्यावाचून उसुझुमीझाकुरा पाहिली असे म्हणता येणार नाही; फुले कोणत्याही साकुरेला येतात.

झाडाची स्थानिक कथा अशी की, राजकुळातील कलहामुळे बालपणी या डोंगरांत लपवून वाढवलेला एक राजपुत्र पुढे केइताई सम्राट म्हणून गादीवर जाण्यास निघाला, तेव्हा गावकऱ्यांच्या आठवणीदाखल त्याने हे रोप लावले. त्यावरून झाडाचे वय दीड हजार वर्षांचे धरतात. ‘निहोन शोकी’ हा आठव्या शतकातील राजग्रंथ मात्र या सम्राटाचे बालपण एचिझेन प्रांतात घालतो. पण मला या कथेच्या खरेखोटेपणाशी फारसे कर्तव्य वाटत नाही. एखाद्या निर्धन खोऱ्याजवळ आपल्या झाडाच्या रक्षणासाठी दाखवावयाला दुसरी सनद नसेल, तर सम्राटाने लावले ही सनद पुष्कळ कामाची आहे, आणि पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड दूर ठेवण्याचे काम तिने केले असेल तर इतिहाससंशोधकांनी तिच्याकडे थोडी डोळेझाक करावयास हरकत नाही.

खरी नोंदलेली कथा विसाव्या शतकातील आहे आणि ती दंतकथेहून सरस आहे. महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात, माणसांनाच अन्न मिळण्याची मारामार असताना, या झाडाची अवस्था इतकी खालावली की तज्ज्ञांनी पाहणी करून ते आता थोड्याच वर्षांचे सोबती आहे असा निकाल दिला. तो निकाल ज्याने मान्य केला नाही तो वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हता आणि सरकारी अधिकारीही नव्हता. माएदा रिग्यो हे गिफू शहरातील दंतवैद्य; म्हाताऱ्या झाडांवर कलमे बांधण्याचा त्यांना नाद होता. १९४९ साली त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून बुंध्याभोवतीची जमीन खणली, मेलेली व वाळवीने पोखरलेली मुळे बाजूला केली, आणि रानातून आणलेल्या तरुण साकुरांची मुळे या वृद्धाच्या जिवंत भागाशी एक एक करून जोडली. अशा जोडण्या २३८. या कामात चूक क्षम्य नसते: सालीच्या लगत आत जो पातळ वर्धिष्णू थर असतो, ज्याच्यातून झाडाची नवी वाढ होते, तो दोन्ही बाजूंचा एकमेकांशी नेमका भिडला पाहिजे, भिडला तर पेशी जुळून पाणी वर चढू लागते, अन्यथा लावलेले मूळ शेजारी पडून कुजते. ओल टिकली पाहिजे, हवा लागून कड सुकता कामा नये, आणि हे सारे जमिनीखाली, गुडघे टेकून, हातांच्या अंदाजाने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबड्यांतील मुळांशी व्यवहार केलेल्या माणसालाच हे सुचावे यात मला काही नवल वाटत नाही. झाडाने पुढे नवी पालवी धरली आणि पुन्हा फुलू लागले.

दहा वर्षांनी, १९५९ च्या सप्टेंबरात, इसे उपसागराचे म्हणून कुप्रसिद्ध असलेले तुफान नागोयाच्या परिसरातून गेले. पाच हजारांवर माणसे त्यात दगावली आणि या झाडाच्याही मोठमोठ्या फांद्या मोडल्या. त्यानंतरच्या दुरवस्थेत १९६७ साली तेथे उनो चियो ही लेखिका आली. सत्तरीच्या उंबरठ्यावरील ही बाई जपानात आपल्या कादंबऱ्यांइतकीच आपल्या विवाहांमुळे, प्रेमप्रकरणांमुळे आणि तिने चालवलेल्या वेषभूषेच्या मासिकामुळे गाजलेली. रानावनातील वृक्षांसाठी झगडणारी म्हणून कोणी तिचे नाव घेतले नसते. झाड पाहून ती हळहळत परतली असती आणि एखादा ललित निबंध लिहून तिने ते प्रकरण मिटवले असते, तर तो तिच्या व्यवसायाला साजेसा शेवट झाला असता. पण तिने गिफूच्या गव्हर्नराला पत्र घातले, मासिकात लिहून लोकमत जागे केले, आणि प्रांतिक सरकारकडून झाडाच्या उपचाराची तजवीज होईपर्यंत विषय सोडला नाही. कादंबरी तिने लिहिलीच, पण ती पुढे, १९७५ साली. आधी अर्ज आणि मग अलंकार, हा क्रम मला अनुकरणीय वाटतो.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, ज्याची मुळे १९४९ साली लावली, ज्याच्या फांद्या खांबांवर तोललेल्या आहेत, ते झाड दीड हजार वर्षांचे कसे म्हणावयाचे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर या झाडापासून फार दूर नसलेल्या इसे येथे मिळते. तेथील थोर शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसेच्या तसे बांधतात आणि जुने उतरवतात. २०१३ साली हा विधी बासष्टाव्या वेळी झाला. इमारतीचे एकही लाकूड जुने नसते आणि देवस्थान तेराशे वर्षांचे असते, कारण सुतारांचे हात, मापे आणि मंजुऱ्या अखंड चालत आलेल्या असतात. नेओच्या झाडाचे वय त्याच जातीचे आहे. लाकडातील वर्तुळे मोजून ते निघणार नाही. ज्या ज्या पिढीने खांब बदलले, तिच्या तिच्या खात्यावर त्याचा हिस्सा मांडलेला आहे.

हे सारे वाचून जपानी माणसाच्या निसर्गप्रेमाविषयी गहिवरून येण्याची घाई मात्र कोणी करू नये. याच गिफू प्रांतात, शोकावा नदीवर मिबोरो धरण बांधताना, सरकारच्या वीजकंपनीने खोऱ्यातील वस्त्या पाण्याखाली घातल्या. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेला विरोध १९५९ साली मावळला, आणि तो मावळल्यानंतर कंपनीचे पहिले अध्यक्ष ताकासाकी तात्सुनोसुके यांना बुडणाऱ्या गावातील एका देवळापाशी साकुरेचे जुने झाड दिसले. ते वाचवावे असे त्यांच्या मनाने घेतले. साकुरांचे जाणकार सासाबे शिंतारो यांना त्यांनी गळ घातली; शेजारच्या आणखी एका देवळातील झाडही घेण्याचे ठरले, आणि १९६० च्या अखेरीस, चारशेहून अधिक वर्षांची ती दोन्ही झाडे, फांद्या छाटून, मुळांचे मातीसकट गठ्ठे बांधून, यंत्रांनी ओढत डोंगराच्या उतारावर नेऊन लावण्यात आली. साकुरा छाटू नये या म्हणीला येथे गुंडाळून ठेवावे लागले. झाडे जगली, आणि बुडालेल्या गावातील माणसे पुढे वसंतात त्यांच्या बुंध्याला हात लावण्यासाठी येत राहिली. ही गोष्ट जपानात फार आपुलकीने सांगितली जाते. मला ती ऐकताना अवघडल्यासारखे होते. झाडांचे पुनर्वसन एवढ्या कुशलतेने करणारी सत्ता गावाला गाव म्हणून दुसरीकडे नेऊ शकली नाही, आणि दोन वृक्षांच्या कृतज्ञतेत हा हिशेब थोडासा धूसर होऊन जातो. तरीही, आपल्याकडून काय हिरावले गेले ते हात लावून पाहता येईल असे काहीतरी त्या विस्थापितांना उरले, हे खरे, आणि पुष्कळ धरणग्रस्तांना तेवढेही मिळत नाही. ताकायामाहून शिराकावागो पाहायला निघालेल्या मराठी प्रवासी कंपन्यांच्या बसगाड्या या जलाशयाच्या जवळपासून द्रुतगती मार्गाच्या बोगद्यांतून निघून जातात. जुना रस्ता धरला तर ही दोन्ही झाडे रस्त्यालगतच भेटतात, मात्र ती एप्रिलच्या अखेरीस किंवा त्यानंतर फुलतात.

प्रेमानेही झाडे मरतात, हे यामानाशीच्या जिंदाईझाकुरेने शिकवले. तिची ख्याती वाढली, लगत रस्ता झाला, भोवती भर पडली, पाहणाऱ्यांच्या पावलांनी माती दाबली गेली, आणि मुळांना हवा मिळेनाशी झाली. या शतकाच्या आरंभी चार वर्षे खपून टप्प्याटप्प्याने तिच्या भोवतालची माती बदलावी लागली. म्हणून या झाडांभोवती आज कुंपणे आहेत, आणि बुंध्याला हात लावता येत नाही म्हणून नाराज होणाऱ्या पाहुण्यांविषयी मला तिळमात्र सहानुभूती वाटत नाही. मिहारूत बहराच्या दिवसांत प्रौढ पाहुण्यांकडून शुल्क घेतात; त्यावरही ‘झाड पाहायचे पैसे?’ अशी कुरकूर ऐकू येते. हेच लोक राजवाड्याचे तिकीट निमूटपणे काढतात. मिहारूची ताकिझाकुरा पूर्वी संस्थानिकाच्या राखीव वृक्षांत गणली जाई, तिच्या मागे दरबार होता. आता दरबार गेला आणि नगरपालिका आली, तेव्हा खांबांचा खर्च कोणी उचलावयाचा? ही तीच नगरपालिका, जिने २०११ च्या मार्चमध्ये, सुमारे ४५ किलोमीटरांवरील फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाले असता, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता आपल्या रहिवाशांना आयोडीनच्या गोळ्या वाटल्या, आणि किनाऱ्याकडून पळून आलेल्यांना आश्रय दिला. त्या एप्रिलातही झाड फुलले. पाहुणे मात्र रोडावले होते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर बंदोबस्त चोख आहे. १९१९ चा कायदा पुढे १९५० च्या सांस्कृतिक वारशाच्या व्यापक कायद्यात विलीन झाला, आणि त्याखाली अशा झाडाच्या सद्यःस्थितीत फेरफार करावयाचा तर केंद्रातील सांस्कृतिक खात्याची मंजुरी लागते. १९९१ पासून वृक्षवैद्यांची रीतसर परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धतही आहे. परंतु वैद्य येऊन सांगून जातो. रोजची देखरेख शेजाऱ्याने करावयाची असते. वादळानंतर सकाळी उठून कोणती फांदी खचली ते पाहणारा, बांध काचू लागला आहे हे ज्याच्या ध्यानात येते असा माणूस खेड्यात राहावयास हवा, आणि जपानच्या डोंगरी खेड्यांत नेमका तोच दुर्मीळ होत चालला आहे. नेओ हे स्वतंत्र गाव होते. २००४ साली ते आसपासच्या गावांबरोबर मोतोसु शहरात विलीन झाले. शहर हे नाव कागदोपत्री. तारुमीला उतरल्यावर दिसतात ती मिटलेली दारे आणि परसात वाकून काम करणारी वृद्ध माणसे. दंतवैद्य माएदांना खणायला जे गावकरी मिळाले, तितके आज मिळतील काय, हा प्रश्न मला फुलांच्या रंगबदलाहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

दरवर्षी मार्चअखेर महाराष्ट्रातून साकुरा पाहण्यासाठी जे शेकडो प्रवासी जपानला जातात, त्यांना माझी सूचना याच प्रश्नातून निघाली आहे. तोक्योतील बहर त्यांच्यावाचून अडलेला नाही. एक दिवस नागोयातून काढून ओगाकीला यावे, आणि मोटारगाडी भाड्याने न घेता तारुमीच्या रेल्वेनेच जावे. हा लोहमार्ग राष्ट्रीय रेल्वेने तोट्याचा म्हणून टाकून दिला, तेव्हा १९८४ साली स्थानिक संस्थांनी नवी कंपनी काढून तो चालवायला घेतला. सिमेंटची मालवाहतूक हा तिचा मोठा आधार होता, तोही २००६ मध्ये सुटला. उरले ते शाळेची मुले, दवाखान्यात जाणारे म्हातारे आणि एप्रिलच्या त्या दोन आठवड्यांत साकुरेसाठी येणारी गर्दी. गाडी टिकली तर खोऱ्यात माणसे टिकण्याची काही आशा आहे. बहराच्या दिवसांत गाडीत उभे राहावे लागते, एवढी तयारी ठेवावी. आणि ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी नोव्हेंबरात जावे, तेव्हा पाने झडलेली असतात आणि खांब मोजता येतात. तिकीट दोन्ही वेळा तेवढेच पडते.